लोकस्थितीवजा प्रवासवृत्त

१

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासाचे बेत हा आता मराठी गद्याचा एक स्वतंत्र प्रकार होऊन बसला आहे, आणि समीक्षेने त्याच्याकडे अजून धड पाहिलेलेही नाही. अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत कोणत्या रस्त्याने जावे, कोठे मुक्काम करावा, कोणत्या वळणावर सूर्यास्ताच्या आत पोचावे, ह्यांचे तपशीलवार आराखडे तयार होतात, ते एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जातात आणि पुढे त्यांचीच प्रवासवर्णने होऊन दिवाळी अंकांत व महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिकांत अवतरतात. आधी बेत, मग प्रवास, मग वर्णन. ह्या तिहींचा मेळ इतका अचूक असतो, की मधला प्रवास घडला नसता तरी लेखाचे फारसे काही अडले नसते.

ह्या लेखनाला नेहमी घेतले जाणारे आक्षेप आम्हांला घ्यायचे नाहीत. ते वरवरचे आहे, त्यात खाण्यापिण्याच्या नोंदी फार, विशेषणे मोजकी आणि तीच ती, असे म्हणून नाक मुरडणे सोपे असते. भाजणी आणि कुकर डिकीत टाकून तीन-तीन हजार मैल हिंडणाऱ्या माणसांना हसण्यात आम्हांला रस नाही. परक्या देशात, स्वतःच्या खर्चाने, मुलाबाळांसह इतके अंतर कापायला धाडस लागते. आमचा आक्षेप ह्या बेतांच्या मुळाशी असलेल्या एका शब्दाला आहे. इंग्रजीत तो ‘सीनिक’ आहे. आपण त्याचे ‘निसर्गरम्य’ असे भाषांतर केले, आणि त्या भाषांतराने एक मोठा ऐतिहासिक व्यवहार झाकून टाकला. आमचे म्हणणे असे, की निसर्गरम्य रस्ता कोणाला सापडत नसतो. तो ठरवून बांधला जातो, आणि बांधताना काही माणसांना तेथून हलवले जाते. आपला बेत त्याच माणसांना कागदावरून पुन्हा एकदा हलवतो. पहिले हलवणे अमेरिकन सरकारांनी केले, पण दुसरे आपण मराठीत करतो आहोत, आणि म्हणून त्याविषयी बोलणे आपल्याला भाग आहे.

२

शब्दापासूनच सुरुवात करू. ‘सीन’ हा रंगभूमीचा शब्द आहे. ‘निसर्गरम्य’ म्हटले की रंगभूमी नाहीशी होते, सूत्रधार नाहीसा होतो, नेपथ्यकार नाहीसा होतो, आणि उरतो तो आपण होऊन रम्य असलेला निसर्ग. वास्तविक मराठीत ह्याहून नेमका शब्द तयार होता. तो म्हणजे ‘देखावा’. आपण डोंगरदरीच्या दृश्याला देखावा म्हणतो, गणेशोत्सवात मंडपात उभारलेल्या सजावटीलाही देखावा म्हणतो, आणि एखाद्याने खोटा आव आणला तर त्यालाही तेच म्हणतो. आमच्या दृष्टीने अमेरिकेतल्या ‘सीनिक’ रस्त्यांचे वर्णन करायला ह्या तिन्ही अर्थांची गरज आहे.

देखावा पाहण्याची ही रीत अठराव्या शतकातल्या इंग्लंडातून आली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. विल्यम गिल्पिनने १७८२ मध्ये वाय नदीच्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि निसर्गाकडे चित्रासारखे कसे पाहावे ह्याचा जणू पाठच घालून दिला. टिंटर्नच्या पडक्या मठाची टोके त्याला फार एकसारखी वाटली, आणि त्यांतल्या काहींवर जपून हातोडा चालवला तर शोभा वाढेल असे त्याने सुचवले. तो हातोडा चालवायला धजणार कोण, अशी शंकाही त्याने तेथेच व्यक्त केली होती. गिल्पिनचा हातोडा कागदावरच राहिला. अमेरिकेने तो प्रत्यक्ष हातात घेतला.

व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानापासून टेनेसीच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी पर्वतापर्यंत जाणारा ब्लू रिज पार्कवे घ्या. लांबी ४६९ मैल. काम सुरू झाले १९३५ मध्ये, महामंदीच्या काळात, आणि लिन कोव्हचा पूल होऊन रस्ता सलग झाला तो १९८७ मध्ये. ह्या रस्त्यावर मालमोटारींना मज्जाव आहे, जाहिरातींचे फलक नाहीत, ताशी वेग पंचेचाळीस मैलांच्या आत. मराठी बेतांत त्याला हमखास जागा असते, ‘ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पानांचे रंग’ अशा नोंदीसह. रस्त्याकडेला दिसणारी शेते पुष्कळशी सरकारच्या मालकीची असून ती शेतासारखी दिसत राहावीत म्हणून भाडेपट्ट्याने कसायला दिलेली आहेत, आणि आणखी कित्येक जमिनींवर काय बांधू नये ह्याचे करार आहेत, ही नोंद मात्र त्यात सापडत नाही.

ह्या रस्त्यावरचे सर्वांत जास्त छायाचित्रे निघणारे ठिकाण म्हणजे मॅब्री मिल ही पाणचक्की. तळ्यात तिचे प्रतिबिंब पडते, शेजारी ओंडक्यांची खोपटी आहे, आणि पाहणाऱ्याला वाटते की डोंगरी माणसाचे शंभर वर्षांपूर्वीचे आयुष्य जसेच्या तसे समोर आहे. पण मॅब्री दांपत्य ओंडक्यांच्या खोपटीत राहत नव्हते. त्यांचे फळ्यांचे, दुमजली, त्या काळाला साजेसे आधुनिक घर होते. ते पाडण्यात आले आणि त्याच्या जागी दुसरीकडून एक जुनी खोपटी आणून बसवण्यात आली, कारण डोंगरातला माणूस बरा राहत होता ही गोष्ट देखाव्यात बसत नव्हती. गिल्पिनचा हातोडा आम्ही म्हणतो तो हा.

आणि हा हातोडा केवळ घरांवर चालला नाही. उत्तरेकडच्या शेनान्डोआ उद्यानासाठी व्हर्जिनिया राज्याने १९२८ मध्ये खास कायदा करून जमिनी ताब्यात घेतल्या आणि सुमारे पाचशे कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. ह्या कामी वाङ्मयही उपयोगी पडले. १९३३ मध्ये ‘हॉलो फोक’ नावाचे पुस्तक निघाले. त्यात त्या दऱ्याखोऱ्यांतली माणसे जगापासून तुटलेली, मागासलेली आणि अडाणी म्हणून रंगवली होती. इतक्या दीन माणसांना तेथून हलवणे हे त्यांच्याच कल्याणाचे आहे, असे मग सहज म्हणता आले. त्याच उद्यानात १९३९ मध्ये लुइस माउंटन नावाचा वेगळा मुक्काम उघडला गेला, तो कृष्णवर्णीयांसाठी. बाकीच्या सोयी गोऱ्यांच्या. म्हणजे देखावा कोणाला हलवून उभारायचा हे जसे ठरवले गेले, तसेच तो कोणी कोठे उभे राहून पाहायचा हेही ठरवले गेले.

पार्कवेच्या दक्षिण टोकाला चेरोकी लोकांची भूमी लागते. रस्ता आपल्या दरीतून, आपल्या मोक्याच्या शेतजमिनीवरून जाऊ नये म्हणून त्यांनी कित्येक वर्षे झगडा दिला, आणि १९४० मध्ये तडजोड होऊन रस्ता डोंगराच्या माथ्यावरून नेला गेला. उलट लिटल स्वित्झर्लंड ह्या हवा खाण्याच्या ठिकाणाचा मालक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती होता. त्याला अरुंद पट्टा, रस्त्यावर उतरण्याची स्वतःची वाट आणि भरघोस भरपाई मिळाली. अ‍ॅन मिचेल व्हिस्नंट ह्या इतिहासकार बाईंनी २००६ मध्ये ह्या रस्त्याचा इतिहास लिहिताना हे सगळे मांडले आहे. रस्त्याचे प्रत्येक वळण दृश्यासाठी घेतले आहे असे आपण लिहितो. काही वळणे दाव्यांमुळे घेतलेली आहेत, आणि आमच्या मते तीच वाचण्यासारखी आहेत.

३

येथे एक प्रतिपक्ष उभा राहतो, आणि तो साहित्यिकांमध्ये विशेष लोकप्रिय आहे. तो म्हणतो, दोष नियोजनाचाच आहे. बेत फाडून टाका, रस्ता नेईल तिकडे जा. ह्या मताचे दैवत म्हणजे जॅक केरुअ‍ॅकची १९५७ची ‘ऑन द रोड’ ही कादंबरी. वर्गात ती शिकवताना स्वातंत्र्य, उत्स्फूर्तता, बंडखोरी हे शब्द आपोआप तोंडी येतात.

आम्हांला हा उपाय रोगाहून वाईट वाटतो. ज्या वर्षांत केरुअ‍ॅकचे मित्र बेतावाचून हिंडत होते, त्याच वर्षांत त्याच रस्त्यांवर निघणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला बेताशिवाय उंबरठाही ओलांडता येत नव्हता. कोठे पेट्रोल मिळेल, कोठे जेवू देतील, कोठे बिछाना मिळेल, कोणत्या गावातून सूर्यास्तापूर्वी बाहेर पडले नाही तर जीवावर बेतेल, हे आधी ठाऊक असावे लागे. सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयाला थारा न देणारी अशी गावे उत्तरेतही होती, पश्चिमेतही होती. ह्या गरजेतून हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन ह्या टपालवाटप्याने १९३६ मध्ये एक पुस्तिका काढली. ‘ग्रीन बुक’ ह्या नावाने ती ओळखली गेली, न्यूयॉर्कपासून सुरू होऊन देशभर पसरली आणि १९६६-६७ पर्यंत निघत राहिली. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांची आणि खाणावळींची दारे कायद्याने उघडल्यावरच तिची निकड ओसरली.

ह्या पुस्तिकेत वर्णन जवळपास नाही. गावांची नावे, घरांचे पत्ते, खाणावळी, न्हाव्याची दुकाने, पेट्रोलपंप, एवढाच मजकूर. पण अमेरिकन प्रवासवाङ्मयाचा अभ्यासक्रम आमच्या हाती असता, तर केरुअ‍ॅकच्या शेजारी आम्ही ही यादी लावली असती आणि विद्यार्थ्यांना विचारले असते, ‘रस्ता नेईल तिकडे’ जाण्याची मुभा कोणाच्या कातडीला होती? सूर्यास्ताची वेळ दोन्ही बेतांत येते. एकात ती छायाचित्राची वेळ असते, दुसऱ्यात जीव वाचवण्याची.

तेव्हा नियोजनाशी आमचे वैर नाही. उलट नियोजन हे वाचन आहे असे आम्ही मानतो, आणि वाचन चांगले किंवा वाईट असते तसा बेतही चांगला किंवा वाईट असू शकतो. विल्यम लीस्ट हीट-मून ह्या लेखकाचे १९८२ चे ‘ब्लू हायवेज’ हे पुस्तक त्याचे उदाहरण आहे. जुन्या नकाशांत दुय्यम रस्ते निळ्या शाईने दाखवत, त्यावरून पुस्तकाचे नाव आले. नोकरी गेली, संसार मोडला, आणि हा गृहस्थ मोठे महामार्ग टाळून निळ्या रेषांवरून देशाला वळसा घालून आला. त्याच्या बेताला नियम होता, शिस्त होती. मात्र त्याच्या पानांवर देखाव्यांपेक्षा माणसांची बोलणी अधिक आहेत. गावाचे नाव असे का, हा प्रश्न विचारायला तो थांबतो आणि उत्तर मिळेपर्यंत बसतो.

मोठ्या महामार्गांविषयीही एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. १९१९ मध्ये लष्करी मोटारींचा एक तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला आणि ६२ दिवसांनी पोचला. त्यात ड्वाइट आयझेनहॉवर हा तरुण अधिकारी होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ मध्ये त्याने आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. आज आपण त्याच जाळ्यावरून चार-पाच दिवसांत देश ओलांडतो आणि ‘रस्ता कंटाळवाणा, पण वेळ वाचला’ असे लिहितो. हा वेळ वाचवण्यासाठी शहरांतली कृष्णवर्णीयांची वस्ती कापली गेली: सेंट पॉलमधले राँडो, मायामीतले ओव्हरटाउन, न्यू ऑर्लीन्समधला क्लेबोर्न मार्ग. ‘निसर्गरम्य’ रस्ता आणि ‘कंटाळवाणा’ रस्ता ह्यांतला फरक आपल्या बेताला फार मोठा वाटतो. ज्यांची घरे गेली त्यांच्या दृष्टीने तो फरक कितीसा असेल?

४

पश्चिमेकडे येऊ. मराठी बेतांचा कळस तेथेच असतो: ग्रँड कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली, झायन, लास व्हेगास. ह्या प्रदेशाविषयी बेत आखणाऱ्याला एक साधा व्यवहाराचा प्रश्न टाकून पाहा: उन्हाळ्यात घड्याळात किती वाजलेले असतात?

अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करीत नाही. पण त्याच राज्याच्या ईशान्य भागात पसरलेले नावाहो राष्ट्र ते करते. आणि नावाहो भूमीने चहूबाजूंनी वेढलेले होपी लोक पुन्हा करीत नाहीत. फ्लॅगस्टाफहून निघून ट्यूबा सिटीला आलात तर एक तास पुढे. तेथून २६४ क्रमांकाच्या रस्त्याने होपींच्या पठारांवर चढलात तर एक तास मागे. पुढे गनाडोला उतरलात तर पुन्हा एक तास पुढे. ट्यूबा सिटी ते विंडो रॉक हे अंतर जेमतेम १५५ मैल आहे. तेवढ्यात वेळ इतक्यांदा बदलते त्याचे कारण एकच: आपण एका देशातून नव्हे, तर स्वतःचे सरकार आणि स्वतःचे नियम असलेल्या लोकांच्या भूमीतून जात असतो. ज्या बेतात ही गोष्ट नसते, तो बेत नैतिक दृष्ट्या उणा आहे हे बाजूला राहू द्या, तो आधी व्यवहारातच चुकतो.

ह्याच २६४ क्रमांकाच्या रस्त्यावर ओराइबी हे होपी गाव आहे. अमेरिकेत सलग वस्ती असलेल्या सर्वांत जुन्या गावांत त्याची गणना होते. आमच्या वाचनात आलेल्या मराठी बेतांत ओराइबी नाही, आणि ते का नाही हे समजणे कठीण नाही. होपी गावांत छायाचित्रे काढायला बंदी आहे. जेथे छायाचित्र काढता येत नाही ते स्थळ देखाव्यांच्या जंत्रीत कसे बसणार? पण आम्हांला वाटते, साऱ्या प्रवासात प्रवाशाला प्रवासी म्हणून काही शिकवणारे ठिकाण असेल तर ते हेच. येथे माणसे पाहुण्याला सांगतात, की तू ये, पण आमचे दृश्य करू नकोस. ज्या देशाने आपल्या डोंगरांचे, दऱ्यांचे, माणसांचे दृश्य करून विकले, त्याच देशाच्या पोटात बसून दिलेला हा नकार आहे, आणि अमेरिकेविषयी लिहिणाऱ्याने तो वगळावा हे आम्हांला समजत नाही.

मॉन्युमेंट व्हॅलीचे उलट आहे. ती सर्वांनी आधीच पाहिलेली असते. जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ १९३९ मध्ये आला, त्यात नावाहो माणसांनी अपाचे होऊन घोडे दौडवले, आणि तेव्हापासून ती खडकांची आकृती म्हणजेच ‘पश्चिम’ असे जगाच्या मनात बसले. १९५८ पासून ते नावाहो राष्ट्राचे स्वतःचे उद्यान आहे. प्रवेशाचे पैसे आपण त्या राष्ट्राला देतो, पण वर्णनात तो ‘अमेरिकन सरकारने किती छान राखलेला’ परिसर होतो. १८६४ मध्ये ह्याच लोकांना बंदुकीच्या धाकाने न्यू मेक्सिकोतल्या बॉस्की रेडोंडोपर्यंत पायी नेले गेले आणि १८६८च्या तहानंतर ते परतले, हा इतिहास त्या खडकांहून कमी भव्य नाही. आणि अगदी जवळचा इतिहासही आहे. नावाहो भूमीत पाचशेंहून अधिक सोडून दिलेल्या युरेनियमच्या खाणी आहेत. १६ जुलै १९७९ रोजी गॅलपजवळ चर्च रॉक येथे युरेनियमच्या गिरणीचा बांध फुटला आणि सुमारे ३५ कोटी लिटर किरणोत्सर्गी पाणी रिओ पुएर्को नदीत गेले. ‘रूट ६६’ गॅलपमधूनच जातो. त्या गावाची आपली नोंद ‘जुन्या निऑन पाट्या, फोटोसाठी थांबावे’ एवढीच असते.

५

‘रूट ६६’ चा उल्लेख झाला, तर त्याच्याविषयी एक गोष्ट अशी, जी आपल्याला सर्वांत जवळची असून आपणच गाळतो. हा रस्ता १९२६ मध्ये अस्तित्वात आला, शिकागोहून सँटा मोनिकापर्यंत आठ राज्यांतून गेला, आणि १९८५ मध्ये सरकारी यादीतून काढला गेला. २०२६ हे त्याचे शताब्दीवर्ष. धुळीच्या वादळांनी उठवलेली ओक्लाहोमाची कुटुंबे ह्याच रस्त्याने कॅलिफोर्नियाला गेली, आणि जॉन स्टाइनबेकने १९३९च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ मध्ये ह्या रस्त्याला आईचे नाव दिले. आपली वर्णने येथवर सांगतात.

पण आपण रात्री जेथे झोपतो ते मोटेल कोणाचे असते? अमेरिकेतल्या मोटेलांपैकी सुमारे निम्मी भारतीय वंशाच्या माणसांची आहेत, आणि त्यांत गुजराती पटेल कुटुंबे बहुसंख्य आहेत. ह्या माणसांनी तोट्यातली, पडीक मोटेले घेतली, मागच्या खोलीत संसार थाटला, चादरी स्वतः धुतल्या. विम्याच्या कंपन्या आणि बँका त्यांना दारात उभे करीनात, म्हणून १९८९ मध्ये त्यांना स्वतःची संघटना काढावी लागली. शेजारच्या मोटेलांवर ‘अमेरिकन मालकीचे’ अशा पाट्या लागत, त्या गिऱ्हाइकाला हळूच सांगत की तेथे जाऊ नका, ते भारतीयांचे आहे. जुन्या रस्त्याला समांतर, पुष्कळ ठिकाणी त्याच्यावरूनच जाणाऱ्या ४० क्रमांकाच्या महामार्गावर आता पंजाबी मालमोटारचालकांसाठी ढाबे निघाले आहेत. चहा, पराठे, कढी. आपल्या बेतांत त्यांची नोंद असलीच तर ‘देसी जेवणाची सोय’ ह्या सदरात असते.

सोय! ज्या माणसाने रात्री अकरा वाजता आपल्याला किल्ली दिली, त्याची कहाणी हीच त्या रस्त्याची चालू कादंबरी आहे. तो आपल्याशी हिंदीत दोन वाक्ये बोलतो, आपण सकाळच्या न्याहारीची वेळ विचारतो आणि वर जातो. दुसऱ्या दिवशी वर्णनात कॅन्यनची तेरा विशेषणे येतात, आणि त्या माणसाचे एक वाक्यही येत नाही. रोलाँ बार्तने १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’ मध्ये फ्रेंच प्रवासमार्गदर्शकांची अशीच झडती घेतली होती: त्यांना डोंगर, बोगदे आणि स्मारके दिसतात, माणसे मात्र नमुन्यापुरती. बार्त आपण वर्गात शिकवतो, आणि सुट्टीत त्याच मार्गदर्शकाचे मराठी हस्तलिखित तयार करतो.

६

आमच्यावर एक आरोप हमखास येईल, तो आम्हीच मांडून ठेवतो. वर्षातून दहा दिवसांची सुट्टी, त्यात मुलांना पानांचे रंग दाखवायचे, तर तेथेही विस्थापितांचा इतिहास वाचत बसायचे का? माणसाने आनंद घेऊ नये का? शिवाय हा इतिहास अमेरिकनांचा. आपल्याला त्याचे काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. पुण्यातून निघून मुळशीच्या पाण्याकाठी पावसात मोटार घेऊन जाणाऱ्याला तो जलाशय निसर्गरम्यच वाटतो. तेथे १९२१ मध्ये धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले होते, आणि त्या पाण्याखाली गावे आहेत. देखाव्याखाली गाव असणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला अमेरिकेने शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच ब्लू रिजच्या कठड्याशी उभ्या असलेल्या मराठी लेखकाला ते दिसत नाही ह्याचे आम्हांला अधिक वाईट वाटते. त्याच्याकडे ते पाहण्याची भाषा होती.

आता आनंदाविषयी. मॅब्री मिलची खोपटी बाहेरून आणली आहे हे कळल्याने तळ्यातले प्रतिबिंब कमी होत नाही. उलट ‘रम्य’, ‘नयनमनोहर’, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ ह्या तीन शब्दप्रयोगांवर भागवणाऱ्या लेखकाला ती माहिती चौथे वाक्य देते. आपली प्रवासवर्णने एकसारखी होतात ह्याचे कारण लेखकांपाशी प्रतिभा नाही हे नव्हे. त्यांच्या बेतात घटनेला जागाच नसते. देखावा दर दिवशी तोच असतो. बदलतात ती माणसे, त्यांचे कज्जे, त्यांची घड्याळे.

आणि हे मागणे मराठीला नवे नाही. महानुभावांची स्थानपोथी ही स्थळांचीच यादी आहे. पण तेथे गाव येते, देवळाची दिशा येते, ती चक्रधर तेथे आले, राहिले आणि वावरले म्हणून. माणसांच्या कृतीविना स्थळ नाही हा त्या यादीचा पायाच आहे. अमेरिकेपुरते बोलायचे तर पंडिता रमाबाई १८८६ मध्ये त्या देशात गेल्या, जवळपास तीन वर्षे तेथे हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्यांचे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यव्यवस्था, शाळा, घरे, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती ही प्रकरणे त्यांनी लिहिली. त्या देशाचे मनापासून कौतुक केले, आणि तेथल्या वर्णद्वेषाला व मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाला नावेही ठेवली. पुस्तके जवळ नाहीत, छायाचित्रे नाहीत, आगगाडीचा प्रवास, आणि परक्या भाषेत व्याख्याने देत निधी जमवण्याचे काम. आपल्याकडे आज गाडी आहे, नकाशा बोलतो आहे, हवे ते पुस्तक रात्रीतून वाचता येते. सोयी वाढत गेल्या, आणि शीर्षकातला पहिला शब्द गळून पडला. आजच्या बहुसंख्य बेतांना आणि त्यांच्या पोटी जन्मलेल्या वर्णनांना आम्ही ‘लोकस्थितीवजा प्रवासवृत्त’ म्हणतो ते ह्यामुळे.

आमची मागणी लहान आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९१ पासून ‘सीनिक बायवे’ ठरवण्याचा एक कार्यक्रम चालवला. त्यात रस्त्याचे सहा गुण मोजले जातात: दृश्य, निसर्ग, इतिहास, संस्कृती, पुरातत्त्व आणि करमणूक. म्हणजे त्यांच्या दप्तरी व्याख्येतही दृश्य हा सहांतला एकच गुण आहे. आपण मात्र दृश्य आणि करमणूक घेतली आणि बाकीचे चार टाकले. तेव्हा बेत करणाऱ्याने निदान सरकारी कारकुनाइतके तरी उदार व्हावे. प्रत्येक दिवसाच्या रकान्यात मैल, तास, पेट्रोल आणि मुक्काम ह्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत: ही जमीन आधी कोणाची होती, आणि हा रस्ता कोणी, कोणाला हलवून बांधला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा बिग सूरचा रस्ता १९३७ मध्ये खुला झाला आणि त्यावर सॅन क्वेंटिनच्या कैद्यांनी काम केले आहे, एवढी एक ओळ त्या रकान्यात पडली तरी पुढचे वर्णन निराळे होईल.

आणि शिक्षकांना एक विनंती. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना विद्यार्थ्यांना पुन्हा एकदा ‘अविस्मरणीय सहल’ लिहायला सांगू नका. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी काकाने किंवा मावशीने अमेरिकेतून पाठवलेला एखादा बेत वर्गात आणा, फळ्यावर लिहा, आणि तो कवितेसारखा वाचा: काय आले आहे, काय गाळले आहे, कोणत्या क्रमाने, आणि कोणाच्या नजरेने. शेजारी ग्रीन बुकमधली एका गावाची यादी ठेवा, आणि रमाबाईंच्या पुस्तकाची अनुक्रमणिका ठेवा. तासाभरात मुले जे बोलतील, ते प्रवासवर्णनाच्या व्याख्या पाठ करून येणार नाही.